हात काळे होऊ द्या

मागच्या पालकसभेत एक प्रश्न निघाला होता. शाळेची कार्यानुभवाची जुनी खोली, जिथे एके काळी सुतारकामाची टेबले आणि दोन व्हाइस होते, ती बरीच वर्षे बंद आहे. तिचे काय करायचे? कोणी म्हणाले अभ्यासिका करा, कोणी म्हणाले संगणकाचा आणखी एक वर्ग काढा. आम्ही दोघे भाऊ मागच्या बाकावर बसलो होतो. बोलावेसे वाटत होते, पण नेमके काय बोलावे ते सुचले नाही. त्यानंतरच्या सहा रविवारांनी ते सुचवले, म्हणून हा लेख.

आम्ही दोघेही याच शाळेचे माजी विद्यार्थी. थोरला बँकेत आहे, धाकटा महाविद्यालयात मराठी शिकवतो. थोरल्याची मुलगी आता इथेच नववीत शिकते. आमचे बाबा उद्यमबागेतल्या एका कारखान्यात टर्नर होते. कामावरून आले की आधी परसात जाऊन हात घासायचे. तरी नखांतली काळी रेघ जायची नाही. आम्ही त्यांच्या पान्यांच्या पेटीला हात लावला की म्हणायचे, "ठेव ते. पुस्तक घे. तुमचे हात असे व्हायला नकोत." आम्ही त्यांचे ऐकले. आमचे हात स्वच्छ राहिले. ते गेले तेव्हा मागे उरली त्यांची १९८६ सालची बुलेट ३५०, ती पेटी, आणि दोन पदवीधर मुलगे. पेटीतला कुठला पाना कशासाठी असतो, हे त्या दोघांपैकी एकालाही सांगता येत नव्हते.

बेळगावातल्या अनेक मराठी घरांची कथा अशीच आहे. वडील फाउंड्रीत, लेथवर, गॅरेजात. मुलगा शिकून टेबलाशी. यात वाईट काही नाही. वडिलांना तेच हवे होते आणि त्यासाठीच त्यांनी ओव्हरटाइम केले. पण या वाटचालीत एक चुकीचा हिशेब आपल्या मनात बसला. हात काळे करणारे काम हे कमी शिकलेल्याचे आणि डोके वापरणारे काम हे शिकलेल्याचे, असा तो हिशेब. बाबांची बुलेट उघडल्यावर आम्हाला कळले की तो साफ खोटा आहे.

गाडीचे दुखणे असे होते. दुसरा गिअर टाकून उड्डाणपुलाचा चढ चढू लागले की गिअर आपोआप सुटायचा. पहिल्या तीन गिअरांत घरघर यायची. शिवाय गिअर बदलताना मध्येच कुठेतरी गाडी 'न्यूट्रल' व्हायची. गॅरेजात विचारले तर सल्ला मिळाला, की अख्खा गिअरबॉक्स बदला, नाहीतर गाडी काढून टाका. मेस्त्रींचेही चुकले नाही; जुना बॉक्स उघडून बसायला त्यांना वेळ परवडत नाही. मग आम्ही ठरवले की आपणच उघडू. खरे सांगायचे तर त्यात धाडसापेक्षा लाजेचा भाग जास्त होता.

नवशिक्याला ही गाडी एका बाबतीत सोयीची आहे. आजच्या बहुतेक मोटरसायकलींत इंजिन आणि गिअरबॉक्स एकाच कवचात असतात. गिअर पाहायचे तर इंजिन उतरवून दोन फाकी करावे लागते. जुन्या चार गिअरच्या बुलेटचा बॉक्स वेगळा आहे. इंग्लंडमधल्या आल्बियन कंपनीच्या धाटणीचा हा बॉक्स इंजिनाच्या मागे बसतो, आणि त्याची झाकणे उजव्या बाजूने उघडून आतला संच काढता येतो. गिअरचा पायही उजवीकडेच. पहिला वर, बाकीचे तीन खाली.

पण उघडण्याआधी आमच्या मुलीने आम्हाला थांबवले. तिने वहीत चार रकाने आखले, प्रत्येक गिअरला एक, आणि कुठल्या गिअरमध्ये काय होते ते लिहायला लावले. त्याचा उपयोग आम्हाला नंतर कळला. या बॉक्समध्ये दोन दांडे असतात, वरचा मुख्य दांडा आणि खालचा लेशाफ्ट. पहिल्या तीन गिअरांत जोर वरून खाली आणि खालून पुन्हा वर असा फिरून बाहेर पडतो. पहिल्यात मुख्य दांडा २.७८ वेळा फिरतो तेव्हा बाहेरचे चेनचे चाक एकदा फिरते, दुसऱ्यात १.८४ आणि तिसऱ्यात १.३६ वेळा. चौथ्यात मात्र मुख्य दांडा थेट बाहेरच्या चाकाला जोडला जातो, एकास एक. खालचा दांडा फिरतो, पण त्याच्यावर भार नसतो. आमची घरघर पहिल्या तिन्ही गिअरांत होती आणि चौथ्यात जवळजवळ नाहीशी होत होती. म्हणजे दोष खालच्या दांड्याकडे असणार. गिअर सुटत होता तो फक्त दुसऱ्यात. म्हणजे दुसऱ्याच्या जोडीत काहीतरी झिजले असणार. एकही नट सैल न करता वहीच्या एका पानावर एवढे निदान झाले. विज्ञानाच्या पुस्तकात निरीक्षण, अनुमान, पडताळा हे शब्द आम्ही पाठ केले होते. त्यांचा असा उपयोग चाळिशी ओलांडल्यावर पाहिला.

दुसरा धडा पहिल्याच रविवारी मिळाला. किकचा आणि गिअरचा दांडा, क्लचची तार आणि बाहेरचे झाकण काढले की गिअर टाकणारी खटक्याची यंत्रणा दिसते. तिची हालचाल अडवणारी एक पट्टी असते. तिचे बोल्ट सैल करून ती केसभर इकडेतिकडे सरकवता येते. बाबांच्या पेटीत गाडीचे जुने मॅन्युअल होते, त्यात हे लिहिलेले होते. पट्टी सरकवली आणि मध्येच न्यूट्रल होण्याचा त्रास गेला. तीनपैकी एक दुखणे बॉक्स न उघडताच बरे झाले. नवशिक्याने हे लक्षात ठेवावे: आधी बाहेरून जे जुळवता येते ते जुळवून पाहावे. अनेक जुन्या बुलेटींचा 'बिघडलेला' बॉक्स एवढ्यानेच बरा होऊ शकतो.

उरलेल्या दोन दुखण्यांसाठी मात्र आत जावे लागले. डावीकडचे प्रायमरी चेनचे मोठे झाकण एकाच नटाने धरलेले असते. खाली परात ठेवून तेल काढले, क्लच उतरवला. उजवीकडून आतले झाकण काढले आणि दातेरी चाकांचा तो संच वर्तमानपत्रावर मांडला. इथे आम्ही तीन गोष्टी बऱ्या केल्या. प्रत्येक पायरीला मोबाइलवर फोटो काढला. पुठ्ठ्यावर झाकणाचा आकार काढून प्रत्येक स्क्रू त्याच्या जागी टोचून ठेवला, कारण स्क्रू सारख्या लांबीचे नसतात. आणि वॉशर, स्प्रिंगा, क्लिपा ठेवायला आईचा जुना मसाल्याचा डबा घेतला. जिऱ्याच्या वाटीत किकचे सामान, मोहरीच्या वाटीत लेशाफ्टचे वॉशर. आईने डबा परत मागितलेला नाही.

अनुमान खरे निघाले. या बॉक्समधले गिअर एकमेकांत गुंतवायला चाकांच्या बाजूला चौकोनी खुंट्या असतात, मेस्त्री त्यांना डॉग म्हणतात. दुसऱ्या गिअरच्या डॉगचे कोपरे झिजून गोल झाले होते. सरळ कडा एकमेकींना धरून ठेवतात. गोल झालेल्या कडा जोर पडताच एकमेकींना ढकलतात. गिअर सुटतो तो यामुळे. अशा वेळी एकच चाक बदलून भागत नाही. नव्या चाकाच्या सरळ कडेवर जुन्याची गोल कड बसते आणि थोड्याच दिवसांत पुन्हा तेच होते. म्हणून जोडीच बदलायची. आणि लेशाफ्ट ज्या बुशमध्ये फिरतो ते बुश झिजून लंबगोल झाले होते; घरघर तिथली होती.

आता आमच्या चुकांविषयी. त्या सांगितल्याशिवाय हा लेख प्रामाणिक होणार नाही.

आतल्या झाकणातले बेअरिंग बदलायचे होते. आम्ही नवे बेअरिंग जागेवर ठेवले, नळीचा तुकडा त्याच्या आतल्या कड्यावर टेकवला आणि हातोडी मारली. बेअरिंग बसले, पण फिरवून पाहिले तर खडखड. कारण सोपे आहे. तिथे घट्ट बसायचे असते ते बाहेरचे कडे. मार आतल्या कड्यावर बसला तर तो मधल्या गोळ्यांमधून बाहेरच्या कड्याकडे जातो, आणि गोळ्यांच्या वाटेवर खड्डे पडतात. जे कडे घट्ट बसायचे त्यावरच जोर द्यायचा, एवढा साधा नियम. तो आम्ही नवे कोरे बेअरिंग मोडून शिकलो.

दुसऱ्यांदा हातोडीची गरजच पडली नाही, आणि याचे श्रेय नववीच्या पुस्तकाला. ॲल्युमिनियम तापल्यावर पोलादाच्या सुमारे दुप्पट प्रसरण पावते. झाकण ॲल्युमिनियमचे, बेअरिंग पोलादाचे. मुलीने बेअरिंग पिशवीत गुंडाळून रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवले, मटारांच्या शेजारी. झाकण साबणाने स्वच्छ धुऊन पातेल्यात उकळत्या पाण्यात ठेवले. डिझेलने धुतलेली वस्तू थेट आचेवर कधीही धरू नये, म्हणून पाणी. झाकण बाहेर काढून पुसले, बेअरिंग ठेवले, आणि ते अंगठ्याने दाबताच 'टक' करून आत बसले. लगेच कोरडे करून तेल लावले. त्या आवाजाला आम्ही तिघांनी टाळ्या वाजवल्या हे इथे नोंदवायला हरकत नाही.

तिसरी चूक सगळ्यात मोठी. चौथ्या रविवारी सगळे जोडून झाले. मग गिअर टाकून पाहिले तर दोनच लागतात. चाके सरकवणारा काटा त्याच्या खाचेत नीट बसलाच नव्हता. संध्याकाळचे सात वाजले होते, पाहुणे यायचे होते, आणि आम्ही "बघू, बसला असेल" म्हणून झाकण लावून टाकले होते. मुलगी "फोटोशी जुळत नाही" म्हणत होती; आम्ही ऐकले नाही. पुन्हा सगळे उघडावे लागले. तीन पॅकिंगे आणि एक रविवार गेला. परीक्षेत चुकीच्या उत्तराला शून्य मिळते आणि पुढे जाता येते. इथे बरोबर आल्याशिवाय पुढेच जाता येत नाही, आणि मोठ्यांचे वय कामाला येत नाही.

लेशाफ्टचे बुश मात्र घरी होण्यासारखे नव्हते. ते लेथचे काम. म्हणून बाबांच्या बरोबर काम केलेल्या एका काकांकडे उद्यमबागेत गेलो. त्यांनी दांडा मायक्रोमीटरने चार ठिकाणी मोजला, मग आमच्याकडे पाहून म्हणाले, "घाई कशाला करतासा? यंत्र कुठं पळून जातंय?" फॉस्फर ब्राँझच्या तुकड्यातून त्यांनी बुश कातले. मुलगी शेजारी उभी राहून आकडे लिहून घेत होती. दांडा आणि बुश यांत तेलाच्या थरापुरती जागा हवी; फार कमी ठेवली तर दांडा धरतो, जास्त ठेवली तर घरघरतो. ही जागा मिलिमीटरच्या शंभराव्या भागांत मोजायची. काका शाळेत फार शिकलेले नाहीत. पण दशांश अपूर्णांक त्यांच्याइतका जपून वापरणारा माणूस आम्ही बँकेतही पाहिलेला नाही. बाबा पस्तीस वर्षे हेच करत होते. आमच्या घरात एक गणिती राहत होता आणि आम्ही त्याला पुस्तक हातात धरताना पाहिले नाही म्हणून तो शिकलेला नाही असे समजत होतो.

ज्या गावात आपण हे बोलतो आहोत, त्या गावाला हे नव्याने सांगायची गरज पडावी हे नवल. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ मध्ये याच बेळगावात भावाबरोबर सायकलींचे दुकान काढले. ते मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवत असत. म्हणजे शिकलेलेच होते, मास्तर होते. तरी यंत्र उघडून पाहण्यात त्यांना कमीपणा वाटला नाही. कडबा कापायचे यंत्र आणि लोखंडी नांगर बेळगावातच घडले. पुढे १९१० मध्ये ते इथून गेले आणि औंध संस्थानात किर्लोस्करवाडी उभी राहिली. १९३७ मध्ये वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी हस्तोद्योगातून शिक्षणाची कल्पना मांडली, ती 'नई तालीम' म्हणून आपण अभ्यासतो. अभ्यासतो, प्रश्नोत्तरे लिहितो आणि कार्यानुभवाच्या खोलीला कुलूप लावतो.

आमच्या म्हणण्यावर काय आक्षेप येतील ते आम्हाला ठाऊक आहे. आमच्याच घरात ते आले.

पहिला आक्षेप: दहावी तोंडावर आहे, वेळ कुठला? आमच्या मुलीचे सहा रविवार गेले, हे खरे. त्यातून तिला गुणोत्तर, प्रसरण, घर्षण, मापन इतके समजले की शिकवणीला वेगळा वेळ लागला नाही. पण असा गुणांचा हिशेब मांडून हे काम विकावे असे आम्हाला वाटत नाही. गुण वाढले नसते तरी ते करण्यासारखे होते.

दुसरा: येत्या काळात विजेच्या गाड्या. बहुतेक विजेच्या स्कूटरींना बदलायचे गिअरच नसतात. मग हे शिकून काय करायचे? गिअरबॉक्स हे निमित्त आहे. क्रमाने उघडणे, नोंद ठेवणे, कारण शोधणे, चूक मान्य करून पुन्हा उघडणे, हे विजेच्या मोटारीलाही लागते आणि संगणकालाही.

तिसरा: सगळेच घरी करू लागले तर मेस्त्रींनी काय खायचे? आमचा अनुभव उलटा आहे. एक बेअरिंग स्वतः मोडल्यापासून आम्ही गॅरेजात मजुरीवरून घासाघीस करणे सोडले आहे. ते काम काय असते हे आता कळते. आमचा खर्चही काही फार वाचला नाही; चुका धरून तो गॅरेजच्या अंदाजाच्या निम्म्याहून थोडा वर गेला.

चौथा आक्षेप सुरक्षिततेचा, आणि तो आम्हाला पूर्ण मान्य आहे. चालत्या गाडीचा गिअरबॉक्स आत अडकला तर मागचे चाक जागच्या जागी धरते आणि माणूस पडतो. म्हणून जोडून झाल्यावर आम्ही गाडी मधल्या स्टँडवर ठेवली, मागचे चाक हाताने फिरवत चारही गिअर पुन्हा पुन्हा टाकून पाहिले, क्लचच्या तारेला थोडी सैल ठेवली, चेनचा ताण पाहिला, आणि काकांना बोलावून सगळे दाखवले. त्यांनी मान हलवल्यावरच किक मारली. पहिली फेरी मोकळ्या मैदानात, हळू. नंतर तेल काढून त्यात धातूचा चुरा आहे का ते पाहिले, आणि नवे भरले. मुलीने गाडी जोडली, पण चालवली नाही. अठरा वर्षांची झाल्यावर लायसन काढील तेव्हा चालवील. ज्याला आपल्या कामाची तपासणी दुसऱ्याकडून करून घेण्यात कमीपणा वाटतो त्याने यात पडू नये. ब्रेकचे काम तर नवशिक्याने एकट्याने करूच नये.

आता बंद खोलीविषयी. आमची सूचना अशी की ती खोली अभ्यासिकेला देऊ नये. तिथे एक दणकट टेबल, ते दोन व्हाइस आणि जुन्या बाजारातून आणलेला एखादा निकामी गिअरबॉक्स ठेवावा. तो गाडीला परत बसवायचाच नसल्याने त्यात धोका नाही. विद्यार्थ्यांनी तो उघडावा, मोजावा, चित्र काढावे आणि पुन्हा जोडावा. महिन्यातून दोन शनिवार पुरे. शिकवायला आपल्याच पालकांतले, आजोबांतले निवृत्त टर्नर, फिटर, मोल्डर बोलवावेत. त्यातले काही कानडी बोलतील, काही मराठी, काही दोन्हीची मिसळ. पाना आणि पक्कड सगळ्यांनाच कळते. मुलींना या तासातून वगळू नये, हे आमच्या घरात सिद्ध झालेच आहे. आणि ज्या मुलाचे वडील गॅरेजात काम करतात त्याला वर्गात एकदा तरी असे वाटू द्यावे, की माझ्या घरी जे येते ते इतर कोणाला येत नाही.

बाबांनी आमचे हात स्वच्छ ठेवले ते प्रेमापोटी. त्यांना वाटायचे, हात काळे असणे आणि पोट अर्धे असणे एकच. त्यांच्या वेळी ते बरेचसे खरे होते. आज आमची मुलगी दोन्ही करू शकते. मागच्या सोमवारी शाळेत निघताना तिने विचारले, "नखांतले काळे जात नाही. बाईंनी विचारले तर काय सांगू?" आम्ही म्हणालो, खरे ते सांग.

बाबांची पान्यांची पेटी आम्ही शाळेला द्यायला तयार आहोत, आणि शनिवारी येऊन टेबलाशी उभे राहायलाही. खोलीची किल्ली कोणाकडे मागायची तेवढे कळवावे.